गोडी छाटणीआधीचे आठ दिवस : बेनेडिक्टाइन मठात साधनेला जाणाऱ्यांसाठी

आमच्या दिंडोरी तालुक्यात ऑगस्ट महिना द्राक्षवाल्याला जरा मोकळा असतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची नवी काडी तयार झालेली असते आणि गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला, अजून महिना-दीड महिना असतो. फवारण्या चालू असतात, पण त्या घरातलं दुसरं कोणी बघू शकतं. या दिवसांत मी आठ दिवस घर सोडतो आणि तमिळनाडूत कावेरीकाठी एका बेनेडिक्टाइन आश्रमात, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमानं राहणाऱ्या ख्रिस्ती साधूंच्या मठात, जाऊन राहतो. आतापर्यंत तीन वेळा गेलो. मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरात संध्याकाळी हरिपाठ होतो, पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरला पायी जाणं आहे. तरी तिथं मला परकं वाटलं नाही. गावातले, सोयरेधायरे आणि नाशिकमधले ओळखीचे लोक आता विचारतात, ‘कसं जायचं, तिथं काय करायचं, आपल्याला चालतं का?’ एकेकाला सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

आधी हे समजून घ्या की तुम्ही कोणाच्या घरी जाताय. संत बेनेडिक्ट इटलीतले, जन्म इ.स. ४८० च्या सुमारास. रोममध्ये शिकायला गेले, तिथलं जगणं पटलं नाही म्हणून सुबियाकोच्या एका गुहेत तीन वर्षं एकटे राहिले. पुढे मोंते कसिनो नावाच्या डोंगरावर मठ उभारला आणि तिथं साधूंनी कसं राहावं याची एक नियमावली लिहिली. तिची ७३ छोटी प्रकरणं आहेत. त्यात मोठं तत्त्वज्ञान फारसं नाही. कधी उठायचं, किती जेवायचं, स्वयंपाकाची पाळी कशी लावायची, म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना कशी सूट द्यायची, असं सगळं घर चालवण्याचं बोलणं आहे. मला ती जवळची वाटली ती यामुळेच. मठाच्या भांड्यांकडे आणि अवजारांकडे वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखं बघावं, असं ३१व्या प्रकरणात सांगितलंय. दसऱ्याला आपण अवजारं पुजतो. इथं रोजच तसं वागायला सांगितलंय. आणि ५३वं प्रकरण पाहुण्यांचं : येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं स्वागत ख्रिस्त आला असं समजून करावं. त्यामुळे ‘आपल्याला चालतं का’ या प्रश्नाचं उत्तर पंधराशे वर्षांपूर्वीच देऊन झालंय.

मी जातो त्या जागेचं नाव सच्चिदानंद आश्रम. सगळे त्याला शांतिवनम म्हणतात. तिरुचिरापल्लीहून करूरकडे जाताना कुळित्तलै लागतं, त्याच्याजवळच्या तन्नीरपळ्ळी गावात. १९५० साली ज्यूल्स मोंशानँ आणि आंरी ल सो या दोन फ्रेंच धर्मगुरूंनी तो सुरू केला. ल सो मुळात ब्रिटनीतल्या बेनेडिक्टाइन मठातले. इथं त्यांनी अभिषिक्तानंद हे नाव घेतलं. १९६८ मध्ये ते हिमालयाकडे निघून गेले आणि त्याच वर्षी बीड ग्रिफिथ्स हे इंग्रज बेनेडिक्टाइन साधू केरळातून इथं आले. १९९३ मध्ये देह ठेवेपर्यंत ते इथंच होते. साधू भगवी वस्त्रं घालतात, जमिनीवर बसून हातानं जेवतात, जेवण शाकाहारी. देऊळ दक्षिणेतल्या देवळासारखं, आत अंधारा गाभारा. प्रार्थनेत बायबलमधल्या स्तोत्रांबरोबर उपनिषदातलं वाचन असतं, संस्कृत मंत्र असतात, आरती होते. सकाळी कपाळाला चंदन, दुपारी कुंकू आणि संध्याकाळी विभूती लावतात.

ज्यांना युरोपातल्या मठांसारखी, स्तोत्रांवर चालणारी पद्धत बघायची आहे त्यांच्यासाठी बेंगळुरूजवळ केंगेरीच्या बाजूला आशीर्वनम मठ आहे, १९५७ पासूनचा. केरळात वागमोणच्या डोंगरावर कुरिशुमला आश्रम आहे. तो सिस्टर्शियन या दुसऱ्या साधुसंघाच्या परंपरेचा, पण पाया याच नियमावलीचा. पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी माणसाला मी शांतिवनमच सांगेन, कारण तिथली आरती, मांडी घालून बसणं आणि पानातलं जेवण ओळखीचं असतं. मग अनोळखी गोष्टींकडे नीट लक्ष देता येतं.

दिवस कोणते निवडायचे, इथं मी एकदा चुकलोय. २०१४ च्या गारपिटीत आमची बाग गेली, कर्ज डोक्यावर आलं, भावाशी बोलणं बंद झालं. दोन वर्षं तसंच चाललं होतं. ओळखीच्या एका फादरांनी या आश्रमाबद्दल सांगितलं आणि मी घाईघाईनं सप्टेंबरच्या शेवटी गेलो, छाटणी तोंडावर असताना. फोन खिशातच. दुसऱ्या दिवशी पुतण्याचा फोन आला की डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) दिसतोय, पानांवर डाग आलेत. रात्रभर झोप नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उचलून निघालो. घरी येऊन पाहिलं तर डाग होते ते जुन्या पानांवर. छाटणीआधी जी पानं औषध मारून गाळायचीच होती, त्यांच्यासाठी मी परत आलो होतो. तेव्हा तुमच्या धंद्यातला, घरातला सगळ्यात शांत आठवडा निवडा. परीक्षा, लग्नसराई, हंगाम, मार्चअखेर यातलं काही शेजारी नको. नाताळ मठात फार सुंदर असतो, ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडाही, पण त्या दिवसांत गर्दी असते आणि साधूही कामात असतात. पहिल्या खेपेला टाळा. दिवस किमान पाच धरा. तीन दिवसांत फक्त शीण निघतो.

मठ म्हणजे लॉज नव्हे. न कळवता जाऊ नका. पाहुण्यांचं बघणारे एक ब्रदर, म्हणजे मठातले साधू, असतात, त्यांना आधी लिहायचं. माझं इंग्रजी जेमतेम. भाचीकडून चार ओळी लिहून घेतल्या. मी कोण, काय करतो, धर्मानं हिंदू आहे, अमुक तारखेला एकटा येईन, अमुकला निघेन, शक्य तेवढं मौन पाळायची इच्छा आहे, साखरेची गोळी चालू आहे. एवढं पुरतं. आजार, गुडघ्याचा त्रास, नुकतंच घरात कोणी गेलं असेल तर ते जरूर लिहा. त्याप्रमाणे ते खोली देतात, लक्ष ठेवतात. मन फार खचलेलं असेल, झोपेची किंवा मनाची औषधं चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. लांबलचक मौन प्रत्येक वेळी प्रत्येकाला सोसतंच असं नाही आणि त्यात कमीपणा काही नाही. उत्तर येईपर्यंत तिकीट काढू नका.

जायचं कसं? नाशिकरोडहून कल्याण, तिथं गाडी बदलून चेन्नई, चेन्नईहून त्रिची. त्रिचीहून करूरच्या बसनं कावेरीच्या कडेकडेनं कुळित्तलै. पैसे असतील तर मुंबईहून विमानही आहे, पण मला रेल्वेच बरी वाटते. दीड-दोन दिवस खिडकीत बसून डोक्यातली बाग हळूहळू मागे पडते. तमिळ येत नाही म्हणून घाबरू नका. गावाचं नाव आणि हात जोडणं एवढ्यावर मी पोहोचलोय.

सामान थोडं घ्या. दोन-तीन सुती कपड्यांचे जोड, अंगभर झाकणारे. पंचा, चादर, टॉर्च, डासांसाठी मलम, पाण्याची बाटली, आधार कार्ड, रोजची औषधं. एक वही. वाचायला एकच पुस्तक, दोन नको. मी मराठी बायबल नेतो, पण हरिपाठही पिशवीत असतो आणि तो बघून तिथं कोणाच्या कपाळावर आठी पडली नाही.

निघण्याआधी आठवडाभर घरीच थोडा सराव करा. फोन कपाटात ठेवून सकाळ-संध्याकाळ अर्धा तास नुसतं बसायचं. मी बागेत द्राक्षाच्या मांडवाखाली बसायचो. आम्हा शेतकऱ्यांना पहाटे उठण्याचं काही वाटत नाही. रात्रीची लाईट असली की दोनला मोटर चालू करायला जावंच लागतं. अवघड जातं ते काही न करता बसणं.

पोहोचल्यावर पहिली गोष्ट : वेळापत्रक बघा आणि आपलं स्वतःचं वेळापत्रक गुंडाळून ठेवा. मला या सगळ्यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते, आणि बाकी विसरलात तरी ही लक्षात ठेवा. आपण घरून काहीतरी ठरवून जातो : एवढा जप करीन, भावाच्या प्रश्नावर निर्णय घेईन, मन शांत करून येईन. ते दारात ठेवा. घंटा वाजली की उठायचं, घंटा वाजली की हातातलं सोडून निघायचं. बेनेडिक्टच्या नियमावलीचा पहिलाच शब्द आहे ‘ऐक’. ऐकायचं तर आपली बडबड थांबायला हवी, आणि ती आपल्या इच्छेनं थांबत नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी घंटेवर चालावं लागतं. पंढरीच्या वाटेवर आपण दिंडीच्या चालीनं चालतो, आपल्या चालीनं नाही. तसंच हे.

प्रार्थनेला सगळ्यांबरोबर जा. जुन्या परंपरेत दिवसाच्या आठ प्रार्थना आहेत, पहाटेच्या काळोखातल्या पहिलीपासून रात्री झोपण्याआधीच्या शेवटचीपर्यंत. आजकाल बहुतेक मठांत त्या कमी करून एकत्र केलेल्या असतात. काकड्यापासून शेजारतीपर्यंतचा देवाचा दिवस आपल्याला माहीत आहे, त्यामुळे हे पटकन उमगतं. मागे बसा, उभे राहतील तेव्हा उभे राहा, पाठ नसेल तर नुसतं ऐका. स्तोत्रं म्हणताना मध्ये थांबतात. आपल्या अभंगासारखी चाल पुढे धावत नाही. सुरुवातीला मला त्या थांबण्यानं अडखळायला व्हायचं. चौथ्या दिवशी ते थांबणंच आवडायला लागलं.

मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला, बसायला कोणाची हरकत नसते. कम्युनियनच्या वेळी मात्र, म्हणजे पवित्र भाकर देतात तेव्हा, आपण रांगेत जाऊ नये. तो प्रसाद वाटण्याचा प्रकार नाही. कॅथलिक माणसासाठी ते श्रद्धेचं आणि चर्चशी बांधिलकीचं वचन आहे. आपण जागेवर शांत बसलो तर कोणालाही गैर वाटत नाही. त्यांचा भाव जपणं हा आपल्याकडून त्या आदरातिथ्याचा मान आहे.

नाश्त्यानंतर पाहुण्यांना भाजी चिरायला बसता येतं. ते चुकवू नका. ४८व्या प्रकरणात बेनेडिक्ट सांगतात की रिकामपण आत्म्याचा वैरी आहे, म्हणून ठरलेल्या वेळी हातांना काम आणि ठरलेल्या वेळी वाचन. गोल बसून वांगी, मुळे, शेवग्याच्या शेंगा चिरायच्या. माझ्याशेजारी एक वयस्कर ब्रदर बसायचे. शेंगेची शीर एका ओढीत काढायचे, तुकडे सगळे एका मापाचे. मी भराभरा चिरत होतो, मजुरीवर असल्यासारखा. त्यांनी काही न बोलता माझा हात धरला, सुरी खाली ठेवली, माझ्या पुढ्यातली एक शेंग उचलून उजेडात धरली आणि परत माझ्या हातात दिली. बस्स. त्यानंतर मी हळू चिरायला लागलो.

रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर मठात बोलत नाहीत, ही ४२व्या प्रकरणातली शिस्त. तुम्ही दिवसाही मौन पाळणार असाल तर पहिल्याच दिवशी ब्रदरांना सांगा, म्हणजे इतर पाहुणे गप्पा मारायला येत नाहीत. फोन बंद करून त्यांच्याकडे ठेवायला द्या, घरी आश्रमाचा नंबर देऊन या. पहिल्या खेपेनंतर मी हेच केलं. अगदी निकडीचं असेल तर ते बोलावतात, आणि बाकीचं आठ दिवस थांबू शकतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्हाला निघून जावंसं वाटेल. हे आधीच माहीत असलं तर निभतं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हॅग्रियस नावाचा साधू होता, त्यानं याला दुपारचा सैतान म्हटलंय. साधू सारखा सूर्याकडे बघतो की जेवणाची वेळ व्हायला किती अवकाश आहे, दाराकडे बघतो, कोणी भेटायला येतंय का बघतो, दुसरी जागा बरी असं त्याला वाटू लागतं. वाचताना माझे डोळे भरून आले होते. पहिल्या खेपेला मी नेमका याच वेळी उठून गेलो होतो, आणि निमित्त डाऊनीचं होतं. उपाय साधा आहे : त्या वेळी कोणताच निर्णय घ्यायचा नाही. खोलीतून निघून कावेरीपर्यंत चालत जा, परत या, झाडू मारा, चादर धुवा. संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत ढग ओसरतो. ऑगस्टच्या सुरुवातीला गेलात तर आडि या तमिळ महिन्याचा अठरावा दिवस येतो. नदीला पाणी वाढलेलं असतं आणि बायाबापड्या कावेरीची पूजा करायला काठावर येतात. आपल्याकडे रामकुंडावर येतात तशाच. नुसतं बघत बसलं तरी मन निवतं.

आता वाचनाबद्दल. मला सगळ्यात जास्त दिलं ते यानं, म्हणून जरा थांबून सांगतो. बेनेडिक्टाइन लोक धर्मग्रंथ वाचतात ते पान संपवण्यासाठी नाही. लॅटिनमध्ये त्याला लेक्सिओ दिविना म्हणतात, दिव्य वाचन. बाराव्या शतकात गीगो नावाच्या एका कार्थुशियन (एकांतात राहणाऱ्या ख्रिस्ती साधुसंघाच्या) साधूनं त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचणं, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं राहणं. करायचं असं. चार-पाच ओळी घ्या, पुटपुटत हळू वाचा. एखादा शब्द अडला की तिथंच थांबा, तो घोळवा, पुढे जाऊ नका. त्यातून देवाला काही सांगावंसं वाटलं तर सांगा. मग गप्प बसा. अर्धा तास पुष्कळ झाला.

ब्रदरांनी मला योहानाच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय दिला. मी शेतकरी आहे म्हणून दिला असणार. ‘मी खरा द्राक्षवेल आहे व माझा पिता माळी आहे.’ पुढे आहे की फळ न देणारा फाटा तो काढून टाकतो आणि फळ देणाऱ्या फाट्याला अधिक फळ यावं म्हणून साफ करतो. मी तीन दिवस या एका ओळीवर होतो. आम्ही वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये फळ उतरवलं की एक-दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवून सगळी काडी खरडून टाकतो. बाग उघडी बोडकी दिसते, नवख्या माणसानं बघितलं तर म्हणेल जळाली. मग नवीन काडी येते आणि मे-जूनमध्ये त्या काडीच्या डोळ्यांत घड तयार होतो. बाहेरून काही दिसत नाही. गोडी छाटणीआधी आम्ही काड्या प्रयोगशाळेत देतो. तिथं डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात की कितव्या डोळ्यात घड आहे, मग त्याच्यावर कैची लावायची. म्हणजे ज्या दिवसांत बागेकडे कोणी ढुंकून बघत नाही, त्याच दिवसांत वर्षाचं पीक ठरलेलं असतं. हे मला वीस वर्षं माहीत होतं. तिथल्या झोपडीत बसून ते पहिल्यांदा स्वतःबद्दल वाचलं. गारपिटीनंतरची दोन वर्षं मी खरडलेली बाग समजून रडत होतो. भावाला त्याच दिवशी पत्र लिहिलं. पाठवलं मात्र घरी आल्यावर, चार दिवसांनी, परत वाचून.

तुम्ही शिक्षक असा, नर्स असा, दुकान चालवत असा, तुमच्या रोजच्या कामाजवळचा उतारा मागून घ्या. ते आवडीनं सुचवतात. एकदा तरी ब्रदर किंवा फादरांशी बसून बोला. वेळ मागून घ्यायची, अर्धा तास धरायचा, एकच गोष्ट बोलायची. भाषा तोडकीमोडकी असली तरी चालते. धर्म बदलण्याचा विषय माझ्यापुढे कोणी कधी काढला नाही.

पैशांचं : जाताना पाकिटात घालून द्या. दर ठरलेला नसेल तर आपल्या गावाकडच्या साध्या लॉजमध्ये राहण्याजेवणाचे जेवढे झाले असते त्याच्या खाली जाऊ नका. मठाचं पोट हातांच्या कामावर आणि पाहुण्यांच्या देणगीवर चालतं. हात आखडता असेल तर तसं ब्रदरांना मोकळेपणानं सांगा, आणि काम जास्त करा. निघताना खोली झाडा, चादर धुऊन वाळत घाला, बादली पालथी ठेवा.

परतीच्या गाडीत फोन चालू करण्याची घाई करू नका. मी कल्याणला उतरल्यावर करतो. घरी पोहोचल्यावर एक दिवस कोणाकडे जायचं नाही असं घरच्यांना आधीच सांगून ठेवा. तिथलं सगळं वेळापत्रक घरी आणायला जाऊ नका, टिकत नाही. एक काहीतरी धरा. मी सकाळी बागेत शिरण्याआधी मांडवाच्या कडेला उभा राहून दोन-तीन ओळी वाचतो, मग कैची हातात घेतो. संध्याकाळी हरिपाठ पहिल्यासारखाच, फक्त चरण संपला की आता जरा थांबतो.

आणि घरी पोहोचल्याचं आठवड्याभरात मठाला कळवा, ते वाट बघतात. पुढच्या खेपेला काही न्यायचं असेल तर बेदाणे न्या, दोन किलो, चांगले वाळलेले. गेल्या वर्षी मी नेलेले त्यांनी पायसात घातले आणि त्या दिवशी भाजी चिरायला बसलेल्या सगळ्यांना आधी वाढले.